एक घाव, दोन तुकडे

पेशी वाढवणारा पदार्थ आणि प्रथिनं कापणारा पदार्थ हे दोघे संशोधकांच्या हाती लागले, तेव्हा एकमेकांना बिलगलेले होते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट फार तर तळटिपेत येते, आणि तळटिपा वाचायची सवय थोड्यांनाच असते.

१९५०च्या दशकात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन एका अनोळखी पदार्थाच्या मागावर होते. उंदराच्या एका गाठीतून काहीतरी झिरपतं आणि त्यामुळे कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशींना चहूबाजूंनी तंतू फुटतात, इतकं कळलं होतं. ते प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल, हे ठरत नव्हतं. कोहेन यांनी सापाचं विष घेतलं. विषात न्यूक्लिक आम्लं तोडणारं एन्झाइम भरपूर असतं. ते अर्कात मिसळायचं आणि परिणाम टिकतो का ते बघायचं. परिणाम नुसता टिकला नाही, तो कैक पटींनी वाढला, कारण तोच पदार्थ विषात गाठीपेक्षा कितीतरी जास्त होता. विषग्रंथी ही मुळात बदललेली लाळग्रंथी, म्हणून कोहेन उंदराच्या लाळग्रंथीकडे वळले. नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत त्याचा साठाच सापडला. हा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ. १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं.

तळटीप सुरू होते ती इथून पुढे. लाळग्रंथीतून एनजीएफ हलक्या हाताने वेगळा काढला तर तो एकटा येत नाही. दोन आल्फा, एक बीटा, दोन गॅमा असा पाच जणांचा जथा येतो, सोबत थोडं जस्त. बीटा म्हणजे खरा एनजीएफ. गॅमा हे मात्र कॅलिक्राइन घराण्यातलं प्रथिनं कापणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटिएज. कोहेन यांनी त्याच ग्रंथीतून दुसरा ग्रोथ फॅक्टर शोधला, ज्याच्यामुळे उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत. तो एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ. त्याच्यासोबतही त्याच घराण्यातलं एन्झाइम चिकटलेलं. मला शिकवलं गेलं तेव्हा हा सगळा प्रकार उंदराच्या लाळेची एक खोड म्हणूनच शिकवला गेला. परीक्षेत तो कधी आला नाही.

माझी काही वर्षं प्रयोगशाळेत अशा कापणाऱ्या एन्झाइमांच्या मागे गेली. नंतर वाट बदलली, वाचन सुटलं नाही. त्यामुळे ओळखीतल्या कोणाच्या घरी विस्मरणाचा आजार शिरला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: मेंदूच्या पेशी वाढवणारं काही औषध निघालंय का? मी उत्तराला सुरुवात करते ती वाढीपासून, आणि दर वेळी येऊन पोचते कापण्यापाशी. समोरचा माणूस तोवर कंटाळलेला असतो. इथे तो धोका कमी, म्हणून सविस्तर लिहिते.

पेशीतल्या बहुतेक सूचना मागे घेता येतात. प्रथिनावर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम असतं, तसं उतरवणारंही असतं. कापण्याचं तसं नाही. अमिनो आम्लांची साखळी एकदा तुटली की पेशी ती पुन्हा सांधत बसत नाही, नवं प्रथिन बनवते. त्यामुळे माणसाच्या जनुकसंचात प्रोटिएजची साडेपाचशेहून अधिक जनुकं असली, तरी ही एन्झाइमं सहसा निजलेल्या अवस्थेतच तयार होतात. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिएज, म्हणजे एमएमपी, या घराण्याचं उदाहरण घ्या. पहिलं एमएमपी १९६२ साली बेडूकमाशाच्या शेपटीत सापडलं. ती शेपटी विरघळवायला कोलॅजन तोडणारं काहीतरी लागणारच, या तर्काने जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर तिथे पोचले. एमएमपीच्या मर्मस्थानी जस्ताचा एक अणू असतो. नव्याने बनलेल्या एन्झाइमच्या पुढच्या शेपट्यातलं सिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल त्या जस्तावर हात ठेवून बसतं. शेपटा कापला जात नाही, तोवर एन्झाइम मुकं. म्हणजे कापणाऱ्याला कामाला लावायलाही बहुतेकदा दुसरा कापणारा लागतो. वर टिम्प नावाची चार प्रथिनं लगाम धरून असतातच.

आता हे सारं मेंदूच्या आजाराशी कुठे जुळतं ते.

अल्झायमरमध्ये ज्या पेशी लवकर खंगतात, त्यांत मेंदूच्या तळाशी पुढच्या बाजूला असलेल्या, असिटिलकोलीन बनवणाऱ्या चेतापेशी येतात. त्यांचे लांबलचक तंतू स्मरणाशी संबंधित भागांत जातात, आणि तिथे बनलेला एनजीएफ त्या तंतूंवाटे उलट्या दिशेने पेशीच्या धडापर्यंत येतो. त्यावर त्या पेशी तगतात. सरळ अंदाज असा होता की अल्झायमरमध्ये एनजीएफ कमी पडत असणार, म्हणून पेशी वाळतात. पण मोजमापं उलटी आली. जनुकाचा संदेश कमी झाला नव्हता. प्रथिनही कमी नव्हतं, काही मोजमापांत तर ते जास्तच निघालं. कोठार भरलेलं आणि दारात माणसं उपाशी, असा हा पेच काही वर्षं तसाच राहिला.

तो सुटला २००१ साली, आणि दोन बाजूंनी सुटला. एनजीएफ आधी लांब रूपात बनतो, त्याला प्रोएनजीएफ म्हणतात. पुढचा भाग कापला गेला की सुमारे १२० अमिनो आम्लांचा पक्व एनजीएफ उरतो. प्रोएनजीएफ म्हणजे निव्वळ कच्चा माल, असाच समज होता. न्यूयॉर्कमध्ये बार्बरा हेम्पस्टेड यांच्या गटाने दाखवलं की प्रोएनजीएफ पेशीबाहेरही पडतो आणि स्वतःचं वेगळं काम करतो. पक्व एनजीएफ ट्रक-ए या रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, धरतो आणि पेशीला जगवतो. प्रोएनजीएफ पी-७५ नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरला घट्ट धरतो आणि पेशीला मृत्यूच्या वाटेला लावतो. त्याच वर्षी कॅनडात मार्गारेट फाहनस्टॉक यांच्या गटाला दिसलं, की माणसाच्या मेंदूत मुख्यत्वे असतो तो प्रोएनजीएफच, आणि अल्झायमरमध्ये तो वाढलेला असतो. जुनी मोजमापं खोटी नव्हती. मोजायला वापरलेल्या अँटिबॉडीला दोन्ही रूपं सारखीच दिसत होती, इतकंच.

मला या शोधाचं आकर्षण वाटतं ते एका कारणाने. एकाच जनुकातून, एकाच साखळीतून, जगवणारा आणि मारणारा असे दोन संदेश निघतात, आणि कोणता निघणार हे ठरतं एका घावावर. तो घाव घालणारं एन्झाइम पेशीबाहेर हजर आहे की नाही, इतकाच प्रश्न. २००४ साली यात आणखी एक पात्र आलं, सॉर्टिलिन. प्रोएनजीएफ पी-७५ला एकटा धरत नाही. त्याचा पुढचा भाग सॉर्टिलिनला धरतो आणि तिघांची जोडणी झाली की मृत्यूचा संदेश जातो. सॉर्टिलिन पुढे अगदी वेगळ्या आजारात पुन्हा भेटेल.

मग घाव घालतं कोण? २००६ साली मॅकगिल विद्यापीठात मार्टिन ब्रुनो आणि क्लाउडिओ कुएलो यांनी त्याचा अख्खा क्रम मांडला. चेतापेशी उद्दीपित झाली की ती प्रोएनजीएफ बाहेर टाकते, आणि त्याच्याबरोबर प्लास्मिनोजन, त्याला जागं करणारा टीपीए, टीपीएला आवरणारं न्यूरोसर्पिन आणि निजलेलं एमएमपी-९ असा सगळा परिवार सोडते. टीपीए प्लास्मिनोजनचं प्लास्मिन करतो. प्लास्मिन प्रोएनजीएफ कापून पक्व एनजीएफ घडवतं. आणि एमएमपी-९ जागं झालं की तो पक्व एनजीएफच तोडून टाकतं. संदेश पाठवणारा, संदेश घडवणारा, संदेश पुसणारा, सगळे एकाच वेळी एकाच जागी.

अल्झायमरच्या मेंदूत या साखळीचं दोन्ही टोकांना बिनसतं. प्लास्मिनची बाजू कमकुवत होते, न्यूरोसर्पिन वाढतं, त्यामुळे प्रोएनजीएफ साचतो. दुसऱ्या टोकाला एमएमपी-९ची सक्रियता वाढते, त्यामुळे जो थोडा एनजीएफ पक्व होतो तोही टिकत नाही. कुएलो यांच्या गटाने निरोगी उंदरांच्या मेंदूत बीटा अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत साचणाऱ्या प्रथिन-तुकड्याचे, छोटे पुंजके टोचले तेव्हा असाच बिघाड तिथे उभा राहिला. इथे जरा थांबून बघावं. एके ठिकाणी कापणं कमी पडतंय, आणि त्याच्याच पुढच्या पायरीवर ते जास्त होतंय. या आजारात 'प्रोटिएज वाढलेले असतात' असं सरसकट वाक्य लिहिलेलं दिसलं की मी तो लेख बाजूला ठेवते. कोणतं, कुठे, आणि कोणाला कापायला, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नसतो.

एनजीएफचा भाऊ बीडीएनएफ, त्याचीही हीच तऱ्हा. १९८२ साली म्युनिकजवळ इव्ह-आलँ बार्ड आणि हान्स थोनेन यांनी तो डुकराच्या मेंदूतून वेगळा काढला. २००४ साली दिसलं की टीपीए आणि प्लास्मिन प्रोबीडीएनएफ कापतात, आणि हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागात चेतापेशींची जोडणी दीर्घकाळ बळकट राहायला तो घाव लागतोच. म्हणजे आठवण मुरायला काहीतरी तुटावं लागतं. हा टीपीए तोच, जो पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायला शिरेतून देतात. त्या खोलीत बसलेल्या नातेवाइकांना हे सांगायची वेळ नसते, पण वाहिनीत गुठळी फोडणारं ते एन्झाइम मेंदूच्या पेशी स्वतः बनवतात, आणि गुठळ्यांशी ज्याचा काही संबंध नाही अशा कामाला वापरतात.

इथवर प्रोटिएज ग्रोथ फॅक्टरला घडवतंय. उलट दिशाही तितकीच खरी आहे.

उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीपासून १९७६ साली तयार केलेल्या पीसी-१२ या पेशी घ्या. एनजीएफ दिला की त्या विभाजन थांबवतात, तंतू काढतात आणि चेतापेशीसारख्या वागू लागतात. त्याच वेळी एनजीएफच्या हुकमाने त्या एमएमपी-३ बनवायला लागतात. तंतूचं वाढतं टोक प्लास्मिनोजनला जागं करणारं एन्झाइम बाहेर सोडतं, हेही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. यात नवल नाही. पेशींच्या मधल्या जागेत प्रथिनांची आणि शर्करांची दाट जाळी असते. तंतूला पुढे सरकायचं तर वाट मोकळी करावीच लागते. वाढायला सांगणाऱ्यानेच कापायलाही सांगणं हा बिघाड नव्हे, ती रीत आहे. बिघाड होतो तो हुकूम संपल्यावरही हात थांबला नाही तर.

थांबवणारे ग्रोथ फॅक्टरही असतात. टीजीएफ-बीटा टिम्प-१ वाढवतो, टीपीएला रोखणारं पीएआय-१ वाढवतो, आणि एकूण कापाकापीवर लगाम घालतो. गंमत अशी की हा लगाम घालणारा स्वतः निजलेल्या रूपात साठवलेला असतो, आणि त्याला सोडवणाऱ्यांत प्लास्मिन आणि एमएमपी-९ येतात. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातून सुटका.

या नात्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला एका दुर्मीळ आजारात दिसतो. जपानमध्ये काही कुटुंबांत तरुणपणीच डोक्यावरचे केस जात, कंबरदुखी सुरू होई, आणि तिशीच्या आसपास मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडून चालण्यावर आणि बुद्धीवर परिणाम होई. रक्तदाब मात्र वाढलेला नसे. आजाराचं नाव कारासिल. २००९ साली त्याचं मूळ सापडलं: एचटीआरए-१ नावाच्या प्रोटिएजच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. हे एन्झाइम एरवी टीजीएफ-बीटाच्या संदेशाला आवर घालतं. ते नसलं की संदेश मोकाट सुटतो आणि वाहिनीच्या भिंती जाड, कडक होत जातात. म्हणजे ग्रोथ फॅक्टर कमी पडल्याने मेंदू खंगतो हे जितकं खरं, तितकंच तो आवरला न गेल्यानेही खंगतो हे खरं. 'ग्रोथ' शब्द कानाला कितीही गोड लागला तरी.

आता थोडं माझ्या कामाविषयी, कारण या क्षेत्रातले पुष्कळ निष्कर्ष ज्या तंत्रावर उभे आहेत ते मी रोज हाताने केलेलं आहे. झायमोग्राफी. जेलमध्ये आधीच जिलेटिन मिसळून ठेवायचं, त्यातून नमुन्यातली प्रथिनं विजेच्या ओढीने आकारानुसार वेगळी करायची, डिटर्जंट धुऊन टाकायचं आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी कूमासी नावाचा निळा रंग चढवला की सगळा जेल निळा होतो, फक्त जिथे एन्झाइमने जिलेटिन खाल्लं तिथे पांढरे पट्टे उमटतात. प्रथिनाचं वजन किलोडाल्टनमध्ये मोजतात; ९२च्या जागी एमएमपी-९, ७२च्या जागी एमएमपी-२. फार देखणं दिसतं ते. वाईट वाटावं इतकं देखणं.

वाईट अशासाठी, की त्या पट्ट्यांना आपण 'सक्रियता' म्हणतो. आत काय झालेलं असतं? डिटर्जंटने एन्झाइमची घडी उलगडलेली असते, त्यामुळे जस्तावर हात ठेवून बसलेलं ते सिस्टीन बाजूला होतं आणि शेपटा न कापताच निजलेलं एन्झाइम जागं होतं. त्याला चिकटलेलं टिम्पही वाटेत सुटतं. ९२चा ठळक पट्टा म्हणजे मुख्यतः निजलेला माल. मेंदूत तो कधी जागा झाला असता का, झाला असता तर कोणाला कापलं असतं, आणि टिम्पने त्याला तितकी मोकळीक दिली असती का, यातलं काही जेल सांगत नाही. जिथे कापायला जिलेटिनशिवाय दुसरं काही ठेवलेलंच नाही, तिथे ते जिलेटिनच कापणार. तंत्र उत्तम आहे. फक्त ते 'किती माल आहे' याचं उत्तर देतं आणि आपण ते 'काय चाललंय' याचं उत्तर म्हणून छापतो. एनजीएफच्या जुन्या मोजमापांत अँटिबॉडीने जे केलं, तेच.

कोण, कुठे, कोणाला, हा प्रश्न न विचारता औषध बनवलं की काय होतं, याचे धडे अल्झायमरच्या संशोधनाने महागात घेतले आहेत. अमायलॉइडची मूळ साखळी, एपीपी, पेशीच्या आवरणात रोवलेली असते. तिला आल्फा सिक्रिटेज, म्हणजे चेतापेशींत मुख्यतः एडॅम-१०, कापतं तेव्हा घाव नेमका अमायलॉइडच्या मधोमध पडतो, आणि अमायलॉइड तयारच होत नाही. बाहेर पडणारा लांब तुकडा उलट पेशींना तगायला मदत करतो. १९९९ साली ओळख पटलेलं बेस-१ हे बीटा सिक्रिटेज आधी कापून गेलं, आणि मागून गॅमा सिक्रिटेजने दुसरा घाव घातला, तर ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तो बदनाम तुकडा सुटतो. आणखी एक मजा: एपीपीच्या काही रूपांत असा एक भाग असतो की ते प्रथिन स्वतःच सेरीन प्रोटिएजना रोखतं. ज्याच्या कापण्यावर जगभर चर्चा, तो स्वतः कापणाऱ्यांना अडवणारा.

या दोन वाटांपैकी कोणती निवडली जाईल यावर ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरांचा हात पोचतो. २००५ साली असं मांडलं गेलं की वय वाढतं तसा मेंदूतला तोल ट्रक-एकडून पी-७५कडे झुकतो. पी-७५च्या संदेशाने सिरॅमाइड नावाचा मेदपदार्थ सुटतो, त्याने बेस-१ जास्त काळ टिकतं, आणि अमायलॉइड वाढतं. मग अमायलॉइड एनजीएफची पक्व होण्याची साखळी बिघडवतं, हे वर आलंच आहे. सुरुवात कुठून झाली हे विचारण्यात फार हशील नाही. चक्र एकदा फिरू लागलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं कारण असतो.

औषधवाल्यांनी सरळ विचार केला: बीटा आणि गॅमा थांबवा. गॅमा सिक्रिटेज रोखणाऱ्या सेमागासेस्टॅटची चाचणी २०१० साली थांबवावी लागली. रुग्णांची बुद्धी औषध न घेणाऱ्यांपेक्षा जास्त खालावली, वर त्वचेचे कर्करोग वाढले. गॅमा सिक्रिटेज एपीपीशिवाय नॉच आणि इतर अनेक प्रथिनं कापतं, त्यांचं काम बंद पडलं. बेस-१ रोखणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅटच्या चाचण्या २०१७ आणि २०१८ साली थांबल्या. औषधाने मेंदूतलं अमायलॉइडचं उत्पादन ठरल्याप्रमाणे घटवलं होतं, रुग्णांना फायदा मात्र झाला नाही, आणि आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची बुद्धी तर औषधाने अधिकच खालावलेली दिसली. बेस-१ला दुसरी कामं आहेत, हे तोवर अज्ञात नव्हतं. २००६ सालीच दिसलं होतं की ते न्यूरेग्युलिन-१ हा ग्रोथ फॅक्टर कापतं, आणि तो घाव पडला नाही तर नसांभोवतीचं मायलिनचं वेष्टन पातळ राहतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर आणि संन्यासी एकाच अंगात होते.

या सगळ्यात माझ्या मनात घर करून राहिलेलं प्रथिन मात्र वेगळंच आहे. प्रोग्रॅन्युलिन. २००६ साली दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या काही कुटुंबांत १७व्या गुणसूत्रावरच्या या ग्रोथ फॅक्टरच्या जनुकाची एक प्रत निकामी असते. टाऊ या मेंदूतल्या दुसऱ्या प्रथिनाचं जनुक त्याच गुणसूत्रावर अगदी शेजारी आहे, आणि दोष त्याच्यातच असणार या समजुतीने त्या कुटुंबांचा शोध बराच काळ तिथे अडकला होता. हा आजार स्मरणाच्या आधी स्वभावावर आणि भाषेवर घाला घालतो, आणि तोही अनेकदा साठीच्या आतच.

प्रोग्रॅन्युलिन म्हणजे एका दोरीत ओवलेली साडेसात ग्रॅन्युलिनं. अख्खं असतं तेव्हा ते दाह शमवतं. पेशीबाहेर इलॅस्टेज या प्रोटिएजने त्याचे तुकडे केले की सुटी ग्रॅन्युलिनं दाह भडकवू शकतात. एसएलपीआय नावाचं प्रथिन त्याला चिकटून इलॅस्टेजपासून वाचवतं. इथवरची गोष्ट ओळखीची वाटेल: अख्खं चांगलं, तुटलेलं वाईट. एनजीएफच्या बरोबर उलट. मीही प्रोग्रॅन्युलिनची टिपणं सुरुवातीला याच मथळ्याखाली ठेवली होती. मग २०१२ साली एका कुटुंबातल्या दोन भावंडांत या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्याचं आढळलं. त्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नव्हता. त्यांना झाला होता न्यूरोनल सेरॉइड लिपोफ्युसिनोसिस, म्हणजे लायसोसोममध्ये कचरा साचत जाण्याचा आजार. ग्रोथ फॅक्टर नसल्याने पेशीच्या कचरा मोडणाऱ्या कप्प्याचा आजार का व्हावा?

उत्तर कॅथेप्सिन डी या प्रोटिएजमध्ये निघालं. लायसोसोममध्ये प्रथिनं मोडण्याचं मोठं काम हे एन्झाइम करतं, आणि त्याचं जनुक निकामी झालं तर होणारा आजार त्याच लिपोफ्युसिनोसिसच्या गटातला. प्रोग्रॅन्युलिन लायसोसोममध्ये पोचतं, तिथे कापलं जातं, आणि त्यातून सुटलेलं ग्रॅन्युलिन कॅथेप्सिन डीला स्थिर ठेवायला, त्याच्या पक्व होण्याला मदत करतं. म्हणजे आत तेच तुकडे कामाचे आहेत, जे बाहेर उपद्रवी ठरतात. पेशीबाहेर कापलं जाणं आणि लायसोसोममध्ये कापलं जाणं यात रसायन जवळपास एकच आहे, परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

प्रोग्रॅन्युलिनला पेशीच्या पृष्ठभागावरून उचलून लायसोसोमपर्यंत नेतं कोण? सॉर्टिलिन. प्रोएनजीएफच्या वेळी पी-७५च्या खांद्याला खांदा लावून पेशीला मृत्यूकडे नेणारं तेच हे. दुसरी एक वाट आहे, प्रोसॅपोसिनचं बोट धरून, पण सॉर्टिलिन मोठा वाटेकरी. एका मताप्रमाणे सॉर्टिलिन रोखलं तर प्रोग्रॅन्युलिन आत ओढलं जाणार नाही आणि बाहेर त्याची पातळी वाढेल. त्या दिशेने अँटिबॉडी तयारही झाली. रक्तातला आकडा अशाने खरोखर वाढतो. मला त्या आकड्याविषयी पहिल्यापासून शंका आहे. कमतरता जर लायसोसोममध्ये जाणवत असेल, तर तिकडे नेणारा रस्ता अडवून रक्तातलं प्रमाण वाढवण्यात काय हाशील होणार? या प्रश्नाला बाजूला सारणारी उत्तरं मी वाचली आहेत, पटणारं अजून वाचलेलं नाही.

मग वाढवणारं औषध निघालंय का, या मूळ प्रश्नाचं काय? १९९०च्या दशकात स्टॉकहोममध्ये काही मोजक्या अल्झायमर रुग्णांच्या मेंदूच्या पोकळीत एनजीएफ थेट सोडून पाहिला. पाठदुखी सुरू झाली, वजन घटलं. एनजीएफ वेदनेच्या तंतूंनाही जागं करतो, ते साहजिक होतं. पुढे अमेरिकेत विषाणूवाहकातून एनजीएफचं जनुक मेंदूच्या तळाशी टोचलं गेलं. ४९ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०१८ साली आले, फायदा दिसला नाही. मृत्यूनंतरच्या तपासणीत कळलं की ज्या पेशींसाठी हा खटाटोप, त्यांच्यापर्यंत जनुक पसरलंच नव्हतं. त्यामुळे त्या चाचणीने एनजीएफची बाजू खोटी ठरवली, असं मला म्हणवत नाही.

औषध म्हणून एनजीएफ यशस्वी झाला तो डोळ्यात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची संवेदना जाऊन जखम भरत नाही, अशा आजारासाठी युरोपात २०१७ साली आणि अमेरिकेत २०१८ साली त्याच्या थेंबांना मान्यता मिळाली. दर दोन तासांनी एकदा, असे दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. तिथे तो ज्या जागी हवा त्याच जागी पडतो, आणि पक्व रूपातच पडतो, त्यामुळे बाहेर कोण त्याला कापेल यावर काही अवलंबून राहत नाही. जिवाणूंकडून एनजीएफ बनवून घ्यायचा प्रश्नही सुटला होता २००१ सालीच. पुढचा भाग वगळून सरळ पक्व एनजीएफ बनवला तर साखळीची घडी नीट बसत नाही, म्हणून जर्मनीत हाले शहरातल्या गटाने आधी प्रोएनजीएफ बनवला, त्याची घडी बसू दिली आणि मग ट्रिप्सिन या प्रोटिएजने पुढचा भाग कापून टाकला.